बोटीवर जाण्यापूर्वी कागद वाचा: जहाजाच्या नोकरीतले शब्द, आकडे आणि तुमचे हक्क

'सीडीसी हातात आली, म्हणजे नोकरी पक्की ना?' 'एजंट म्हणतो जहाज पाच हजार टनांचे आहे, मग चांगलेच असेल?' 'करार नऊ महिन्यांचा होता, दहावा संपत आला, मुलगा अजून का उतरला नाही?' मर्चंट नेव्हीबद्दल वाचक वारंवार विचारतात ते हे प्रश्न. रत्नागिरी-रायगडातून ते येतात, तसेच सातारा, सांगली, नाशिक इथल्या घरांतूनही येतात, जिथे आधीच्या पिढीत कोणी बोटीवर गेलेले नसते आणि विचारायला शेजारी कोणी सारंग किंवा टंडेल नसतो.

पगाराचा आकडा सगळ्यांना पाठ असतो. तो आकडा ज्या कागदावर लिहिलेला असतो, त्या कागदातले बाकीचे शब्द मात्र कोणी समजावून देत नाही. फसवणारे नेमके तिथेच हात मारतात. जहाजबांधणीचा सगळा शब्दकोश पाठ करायची तुम्हाला गरज नाही. सही करण्याआधी जे शब्द आणि आकडे कळलेच पाहिजेत, तेवढेच इथे घेतले आहेत.

तुमच्या नावावरचे कागद

पहिला शब्द इंडोस. भारतातल्या प्रत्येक नाविकाला मिळणारा हा एक कायमचा क्रमांक. तो एकदाच मिळतो आणि पुढचे प्रशिक्षण, परीक्षा, जहाजावरची सेवा, सगळे त्याच क्रमांकाखाली नोंदले जाते. कोणी 'दुसरा इंडोस काढून देतो' म्हणाला, तर तिथून उठून या.

दुसरा शब्द सीडीसी. दिसायला पासपोर्टसारखे असलेले हे पुस्तक म्हणजे नाविकाची सेवापुस्तिका. मुंबई, चेन्नई आणि कोलकाता इथली शिपिंग मास्टरची कार्यालये ती देतात आणि ती १० वर्षे चालते. तुम्ही कोणत्या जहाजावर कोणत्या तारखेला चढलात (साइन-ऑन) आणि कधी उतरलात (साइन-ऑफ), याची नोंद तिच्यात होते. सीडीसी ही जहाजावर जाण्याची परवानगी आहे, नोकरीची हमी तिच्यात कुठेही नाही. 'सीडीसीसह नोकरी' असे पॅकेज विकणाऱ्याकडे म्हणूनच सावधपणे बघा. परदेशी सीडीसी विकणाऱ्यांकडे तर अधिकच. कुठल्या तरी छोट्या देशाची पुस्तिका काही आठवड्यांत हातात पडते, पण तिच्यावर केलेली सेवा भारतातल्या पुढच्या परीक्षेला धरली जाईल का, हे नौवहन महासंचालनालयाकडून कळल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका.

तिसरा शब्द एसटीसीडब्ल्यू. नाविकांचे प्रशिक्षण, प्रमाणपत्रे आणि पहारा यांविषयीचा हा आंतरराष्ट्रीय करार १९७८चा, आणि २०१०मध्ये मनिला इथे त्यात मोठ्या दुरुस्त्या झाल्या. त्यानुसार प्रत्येकाला काही मूलभूत कोर्स करावेच लागतात: पाण्यात जीव वाचवणे, आग विझवणे, प्रथमोपचार, वैयक्तिक सुरक्षा व सामाजिक जबाबदारी, आणि जहाजाची सुरक्षा. टँकरवर जायचे असेल तर तेल-रसायन किंवा वायुवाहू जहाजांचा वेगळा कोर्स लागतो. संस्था मान्यताप्राप्त आहे का, हे महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर आधी पाहा. प्रमाणपत्रावर छापील मोहोर असली म्हणून ते खरे ठरत नाही. ऑनलाइन नोंद तुमच्या इंडोसखाली दिसली पाहिजे.

चौथा शब्द सीओसी, म्हणजे अधिकाऱ्याचे सक्षमता प्रमाणपत्र. डेकवर 'सेकंड मेट', इंजिनात 'एमईओ क्लास फोर' ही पहिली पायरी. सीओसीवर 'एफजी' लिहिले असेल तर कुठल्याही समुद्रात चालते, 'एनसीव्ही' असेल तर फक्त किनाऱ्याजवळच्या फेऱ्यांना. जाहिरातीत दोन्हींना 'ऑफिसर' म्हणतात. प्रवेश घेण्याआधी कोणते मिळणार हे लेखी विचारा.

डेक, इंजिन की गॅली?

डेक म्हणजे जहाज चालवणे, माल चढवणे-उतरवणे, दोरखंड आणि रंगकाम. इंजिन म्हणजे यंत्रखोली. गॅली म्हणजे स्वयंपाकघर आणि त्यासोबतची सलून विभागाची कामे. एकदा निवडलेला विभाग बदलणे पुढे फार अवघड जाते, म्हणून निवड शांतपणे करा.

- दहावीनंतर: जीपी रेटिंग, सहा महिन्यांचा कोर्स. विज्ञान, गणित, इंग्रजी हे विषय लागतात. इथून तुम्ही डेकवर ओएस, मग एबी आणि पुढे बोसन होता. इंजिनात वायपर, मोटरमन, फिटर. पुढे परीक्षा देऊन अधिकारी होता येते, पण त्याला सेवेची वर्षे आणि चिकाटी दोन्ही लागतात.
- बारावीनंतर: एक वर्षाचा डीएनएस आणि त्यानंतर १८ महिने समुद्रावर, किंवा तीन वर्षांचे बीएस्सी नॉटिकल सायन्स, किंवा चार वर्षांचे बीटेक मरीन इंजिनिअरिंग. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित मिळून ६० टक्के आणि इंग्रजीत ५० टक्के ही सर्वसाधारण अट, शिवाय भारतीय सागरी विद्यापीठाची प्रवेश परीक्षा.
- मेकॅनिकलचे पदवीधर: एक वर्षाचा जीएमई. इलेक्ट्रिकल-इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांसाठी ईटीओ.

हे सगळे मार्ग मुलींनाही तितकेच खुले आहेत.

प्रवेशाआधी वैद्यकीय तपासणी महासंचालनालयाच्या मान्यताप्राप्त डॉक्टरकडून करून घ्या, फी भरल्यानंतर नव्हे. डेकसाठी नजरेची अट कडक आहे आणि रंगांधळेपणा चालत नाही. रात्री समोरच्या जहाजाचा लाल दिवा आणि हिरवा दिवा ओळखता आला नाही, तर ते कोणत्या दिशेला चालले आहे हेच कळणार नाही. लाखांची फी भरून झाल्यावर हा दोष कळलेली मुले दरवर्षी असतात. एका तासाच्या तपासणीने ते टळते.

आणखी एक शब्द इथे अत्यंत महत्त्वाचा: स्पॉन्सरशिप. एखादी जहाज कंपनी प्रवेशाच्या वेळीच 'या मुलाला प्रशिक्षणासाठी आमच्या जहाजावर घेऊ' असे लेखी देते, ती खरी स्पॉन्सरशिप. कॉलेजचे '१०० टक्के प्लेसमेंट' हे वाक्य म्हणजे स्पॉन्सरशिप नाही. डीएनएस पूर्ण केलेला मुलगा १८ महिन्यांची समुद्रसेवा मिळाल्याशिवाय परीक्षेला बसू शकत नाही, आणि जहाज न मिळाल्याने घरी बसलेले कॅडेट आज अनेक गावांत आहेत. माझे मत स्पष्ट आहे: स्पॉन्सरशिपचे पत्र हातात नसेल, आणि घरची शेती किंवा दागिने गहाण टाकून फी भरायची वेळ येत असेल, तर एक वर्ष थांबा आणि पुन्हा परीक्षा द्या.

एजंट खरा की खोटा

भारतात नाविकांची भरती करायला परवाना लागतो. त्याचे नाव आरपीएसएल. २०१६च्या नियमांखाली तो महासंचालनालय देते आणि प्रत्येक परवान्याला क्रमांक असतो. संकेतस्थळावर चालू परवान्यांची यादी असते, तशीच रद्द आणि निलंबित केलेल्यांचीही असते. दोन्ही पाहा.

नोकरी लावून देण्यासाठी नाविकाकडून पैसे घेणे बेकायदा आहे. परवाना असला तरी बेकायदा, परवाना नसला तरी बेकायदा. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा २००६चा सागरी कामगार करार, ज्याला धंद्यात एमएलसी म्हणतात, तो हेच सांगतो. भारताने त्याला ऑक्टोबर २०१५मध्ये मान्यता दिली. पासपोर्ट, नाविकाची पुस्तिका आणि कायद्याने लागणारे वैद्यकीय प्रमाणपत्र एवढाच खर्च तुमचा. व्हिसाचा खर्च मालकाचा, विमानाचे तिकीट मालकाचे.

फसवणुकीच्या खुणा बहुतेक वेळा सारख्याच असतात:

- परवाना एका कंपनीचा दाखवतात, पैसे एखाद्या माणसाच्या वैयक्तिक खात्यात मागतात.
- जहाजाचे नाव 'नंतर कळवू' असते, पण पैसे भरायची तारीख उद्याची असते.
- टुरिस्ट व्हिसावर दुबई किंवा अन्य आखाती शहरात पाठवतात आणि 'तिथे जहाज मिळेल' म्हणतात. अशा प्रवासात तुमच्या भरतीची अधिकृत नोंद होत नाही, म्हणजे अडचणीत सापडलात तर तुम्ही नाविक होता हेच आधी सिद्ध करत बसावे लागते.
- मूळ पासपोर्ट आणि सीडीसी आठवडेच्या आठवडे स्वतःकडे ठेवतात. छायाप्रत द्या, मूळ फक्त प्रत्यक्ष प्रवासाच्या कामापुरते.

पैसे आधीच दिले असतील तर लाजून गप्प बसू नका. बँकेची नोंद, व्हॉट्सॲपचे संदेश, पावती जे असेल ते जपून ठेवा, जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार द्या आणि तीच तक्रार महासंचालनालयाकडे पाठवा. त्याचे मुख्यालय मुंबईत कांजूरमार्गला आहे.

जहाज घरबसल्या तपासा

सर्वांत जास्त वेळ इथे घालवा. जहाजाची कुंडली कोणीही फुकट पाहू शकतो, आणि तरीही फार थोडे लोक पाहतात.

आयएमओ क्रमांक: प्रत्येक मोठ्या जहाजाला सात अंकी क्रमांक असतो आणि तो जहाज भंगारात जाईपर्यंत बदलत नाही. नाव बदलते, मालक बदलतो, झेंडा बदलतो, क्रमांक तोच. आंतरराष्ट्रीय फेरी करणाऱ्या ३०० जीटी आणि त्याहून मोठ्या मालवाहू जहाजाला तो सक्तीचा आहे, आणि जहाजाच्या अंगावर तो कोरलेला किंवा रंगवलेला असावा लागतो. नियुक्तीपत्रावर हा क्रमांक नसेल तर मागा.

दिलेला क्रमांक मनाने बनवलेला आहे का, हे कागद-पेन घेऊन पाहता येते. पहिल्या सहा अंकांना क्रमाने ७, ६, ५, ४, ३, २ ने गुणा आणि बेरीज करा. बेरजेचा शेवटचा अंक हा क्रमांकाच्या सातव्या अंकाइतका आला पाहिजे. उदाहरणार्थ ९०७४७२९. ६३, ०, ३५, १६, २१ आणि ४ यांची बेरीज १३९, शेवटचा अंक ९, आणि क्रमांकाचा सातवा अंकही ९. जुळत नसेल तर क्रमांक खोटा, पुढे बोलायलाच नको. जुळला तर काम अर्धेच झाले. खऱ्या जहाजाचा क्रमांक चोरून पत्रावर टाकणारेही असतात, म्हणून 'इक्वासिस' या संकेतस्थळावर मोफत नोंदणी करा आणि क्रमांक टाकून जहाजाचे नाव, वय, मालक, विमा आणि कुठल्या बंदरात ते अडवले गेले होते का, हे पाहा.

झेंडा: जहाज ज्या देशात नोंदले आहे तो त्याचा झेंडा, आणि जहाजावर त्या देशाचा कायदा चालतो. पनामा, लायबेरिया आणि मार्शल बेटे हे सर्वांत मोठे झेंडे आहेत. मालक ग्रीसचा, नोंदणी लायबेरियाची, खलाशी कोकणातले, हे या धंद्यात रोजचे आहे आणि त्यात आपोआप काही वाईट नाही. बघायचे ते दोन गोष्टींसाठी: त्या देशाने एमएलसीला मान्यता दिली आहे का, आणि युरोपच्या बंदर-तपासणीच्या वार्षिक यादीत, म्हणजे पॅरिस एमओयूच्या यादीत, तो झेंडा पांढऱ्या, करड्या की काळ्या गटात आहे. काळ्या गटातल्या झेंड्याची जहाजे तपासणीत वारंवार सदोष सापडतात. वर्षभरात तीनदा झेंडा बदललेले जुने जहाज असेल, तर पगार कितीही मोठा असो, नाही म्हणा.

इथे एक नवा धोका सांगितलाच पाहिजे. २०२२मध्ये रशिया-युक्रेन युद्ध पेटल्यानंतर निर्बंध असलेले तेल वाहणाऱ्या जुन्या टँकरांचा ताफा वाढत गेला आहे. त्याला शॅडो फ्लीट म्हणतात. मालक कोण हे कळत नाही, विमा संशयास्पद असतो, काहींची नोंदणीसुद्धा खोटी निघते. अशा टँकरवर माणसे मिळावीत म्हणून पगार जास्त देतात. जहाज पकडले गेले तर चौकशी खलाशांची होते, आणि अपघात झाला तर भरपाई मागायला समोर कोणी नसते.

जीटी आणि डीडब्ल्यूटी: 'पाच हजार टनांचे जहाज' या वाक्याला अर्थ नाही, जोवर कोणते टन ते सांगत नाहीत. जीटी म्हणजे जहाजाच्या बंदिस्त जागेचे माप. नावात टन असले तरी ते वजन नव्हे. डीडब्ल्यूटी म्हणजे माल, इंधन, पाणी, सामान आणि माणसे मिळून जहाज किती वजन उचलू शकते. साधारण ५८,००० डीडब्ल्यूटीचे मालवाहू जहाज ३२,००० जीटीच्या आसपास असते. एजंट मोठा आकडा सांगतो, परीक्षेला मोजतात तो जीटी. डेक अधिकाऱ्यांच्या प्रमाणपत्रांत ५०० जीटी आणि ३,००० जीटी या दोन मर्यादा आहेत. त्यांच्या आतल्या जहाजावरची सेवा वरच्या प्रमाणपत्राला चालेलच असे धरू नका.

किलोवॉट: इंजिनवाल्यांची मर्यादा टनांत नसते, मुख्य इंजिनाच्या ताकदीत असते. ७५० किलोवॉट आणि ३,००० किलोवॉट हे दोन आकडे लक्षात ठेवा. 'एक हजार हॉर्सपॉवर' ऐकायला भारदस्त वाटते, पण ते ७४५ किलोवॉटच्या आसपास भरते, म्हणजे पहिल्याच मर्यादेच्या आत. अशा टगवर वर्षभर घाम गाळून परत आलेल्या मुलाची सेवा परीक्षेला धरली जात नाही, आणि ते वर्ष त्याला परत मिळत नाही. बार्ज, टग, छोट्या पुरवठा बोटी यांवर जाण्याआधी 'ही सेवा माझ्या पुढच्या परीक्षेला धरली जाईल का' हा प्रश्न मेलवर विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

क्लास आणि पी अँड आय: क्लास म्हणजे जहाजाचा सांगाडा आणि यंत्रे तपासून प्रमाणपत्र देणारी संस्था. भारताची इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंग, ब्रिटनची लॉइड्स रजिस्टर, नॉर्वेची डीएनव्ही अशी तिची उदाहरणे. पी अँड आय म्हणजे जहाजमालकांनी मिळून चालवलेले विमा क्लब. तुमची दुखापत, मृत्यू, अडकून पडणे यांचे पैसे शेवटी इथून येतात. इक्वासिसवर यांतले काहीच दिसत नसेल, तर त्या जहाजावर चढू नका.

करारात काय पाहायचे

कराराचे नाव एसईए. सही करण्याआधी तो नीट वाचण्याचा आणि दुसऱ्याला दाखवून सल्ला घेण्याचा हक्क एमएलसीने तुम्हाला दिला आहे. विमानतळावर, तिकीट हातात देताना सही मागत असतील तर तो हक्क मोडला जातो आहे. सही झालेली एक प्रत तुमच्याकडे राहिली पाहिजे, आणि तिचा फोटो घरी.

- कालावधी: '९ +/- १' असे लिहिलेले असते. म्हणजे कंपनी तुम्हाला आठव्या महिन्यात उतरवू शकते किंवा दहाव्यापर्यंत ठेवू शकते. घरी सांगताना मोठा आकडा सांगा. काही झाले तरी सलग बारा महिने होण्याआधी मालकाच्या खर्चाने घरी परतण्याचा हक्क तुमचा आहे, आणि त्यासाठी आगाऊ पैसे मागता येत नाहीत.
- बेसिक: ओव्हरटाइमचा दर, रजेचा पगार, बऱ्याच भरपाया यावर ठरतात. समजा दोन पत्रांत एकूण पगार १,२०० डॉलरच आहे, पण एकात बेसिक ७०० आणि दुसऱ्यात ४५०. तर पहिले पत्र चांगले.
- ओव्हरटाइम: 'फिक्स्ड' किंवा 'गॅरंटीड' असेल तर तो किती तासांचा, आणि त्यापुढच्या तासांना पैसे मिळतात का, हे पाहा. 'कन्सॉलिडेटेड' लिहिले असेल तर सगळे एकत्र धरलेले आहे, वेगळे काही मिळणार नाही.
- लीव्ह पे: महिन्याला किमान अडीच दिवसांची भरपगारी रजा.
- अलॉटमेंट: पगारातला दरमहा घरी पाठवायचा भाग. खाते कोणाचे, तारीख कोणती, विनिमयदर कोणता, हे आधीच ठरवा.
- नोटीस: करार मोडायला दोन्ही बाजूंना किमान सात दिवसांची सूचना.
- सीबीए: कामगार संघटनेशी झालेला सामूहिक करार. तो लागू आहे का ते विचारा. नुसी, एमयूआय किंवा आंतरराष्ट्रीय आयटीएफ या कामगार संघटनांची मान्यता असलेला करार असेल तर तुमची बाजू बरीच भक्कम असते.

जहाजावर चढल्यानंतर

विश्रांती किमान किती, हे ठरलेले आहे: कोणत्याही २४ तासांत १० तास आणि सात दिवसांत ७७ तास. हे १० तास जास्तीत जास्त दोन तुकड्यांत, आणि त्यातला एक तुकडा किमान सहा तासांचा. प्रत्येकाच्या विश्रांतीची नोंदवही असते आणि तिच्यावर तुमची सही घेतात. खोटे तास लिहिलेल्या पानावर सही करायची सवय बहुतेक जहाजांवर सहज लागते, आणि पुढे अपघात झाला की हेच पान तुमच्याविरुद्ध वापरले जाते. नव्या कॅडेटला वरिष्ठांसमोर नाही म्हणणे किती कठीण असते ते ठाऊक आहे. निदान स्वतःच्या डायरीत खरे तास रोज लिहा.

कॅडेट असाल तर टीएआर पुस्तक, म्हणजे प्रशिक्षणाची नोंदवही, दर आठवड्याला भरा आणि अधिकाऱ्याची सही घ्या. उतरताना कॅप्टन किंवा चीफ इंजिनिअरच्या सहीचे समुद्रसेवेचे प्रमाणपत्र आणि सीडीसीतल्या तारखा पडताळून मगच गँगवे उतरा. नंतर ती सही मिळवायला लोक वर्ष-वर्ष मेल करत राहतात.

आजारी पडलात किंवा लागले, तर उपचार मालकाच्या खर्चाने. काम करता येत नसेल तर जहाजावर असेपर्यंत पूर्ण पगार, त्यानंतर पूर्ण किंवा काही भाग, आणि ही जबाबदारी कायद्याने मर्यादित केली असली तरी १६ आठवड्यांपेक्षा कमी करता येत नाही. पाठीत चमक भरली तरी लॉगबुकात नोंद करून घ्या. नोंद नसलेली दुखापत नंतर 'घरी झाली' ठरते.

युद्धक्षेत्राचा प्रश्न २०२३च्या नोव्हेंबरपासून, लाल समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाल्यावर, घरोघरी पोचला. आयटीएफशी संलग्न आयबीएफ करार लागू असेल, तर घोषित युद्धक्षेत्रात जायला नाविक नकार देऊ शकतो आणि कंपनीला त्याला स्वखर्चाने परत पाठवावे लागते. गेल्यास तिथल्या काळात बेसिकइतका बोनस आणि मृत्यू-अपंगत्वाची भरपाई दुप्पट मिळते. तुमच्या करारात हे कलम आहे का, ते घरी असताना वाचा.

पगार थांबला तर

'ॲबंडनमेंट' म्हणजे मालकाने नाविकांना वाऱ्यावर सोडणे. व्याख्या नेमकी आहे. घरी पाठवायचा खर्च दिला नाही, किंवा अन्न-पाणी-इंधन आणि औषधोपचार पुरवले नाहीत, किंवा किमान दोन महिने पगार न देणे धरून संबंधच तोडले, यांतले एक घडले तरी पुरे. 'एमटी इबा' या तेलवाहू जहाजाचे उदाहरण आठवा. जानेवारी २०२१मध्ये ते संयुक्त अरब अमिरातीतल्या उम्म अल कुवैनच्या किनाऱ्याला लागले, तेव्हा त्यावरच्या माणसांना अडीच वर्षांहून अधिक काळ पगार मिळालेला नव्हता, आणि त्यांत भारतीयही होते.

जानेवारी २०१७पासून जहाजावर यासाठी विम्याचे प्रमाणपत्र लावणे बंधनकारक आहे. मेसरूमजवळच्या फलकावर ते असते. चढल्यावर पहिल्या आठवड्यात त्याचा फोटो काढा. विमा कंपनीचे नाव आणि संपर्क त्यावर असतो. त्यातून थकलेला पगार चार महिन्यांपर्यंत आणि घरी परतण्याचा खर्च मिळतो. चार महिन्यांची ही मर्यादा ध्यानात ठेवा. 'पुढच्या महिन्यात नक्की' यावर विश्वास ठेवून वर्ष काढलेल्या माणसाला उरलेल्या आठ महिन्यांसाठी कोर्टात भांडावे लागते. दुसरा पगार चुकला त्या दिवशी महासंचालनालय, आरपीएसएल कंपनी, विमा कंपनी, आयटीएफ आणि त्या देशातला भारतीय दूतावास यांना एकाच मेलमध्ये लिहा. जहाज सोडून एकट्याने निघून जाऊ नका. त्याने पगारावरचा दावा कमजोर होतो.

घरच्यांसाठी

फोनवर ऐकू येणाऱ्या शब्दांनी उगाच घाबरू नका. 'अँकरेज' म्हणजे बंदराबाहेर नांगर टाकून वाट पाहणे, आठवडाभर तरी होतेच. 'बंकरिंग' म्हणजे इंधन भरणे. 'ड्रायडॉक' म्हणजे जहाज पाण्याबाहेर घेऊन दुरुस्ती. 'रिलीव्हर आला नाही' म्हणजे बदली माणूस आला नाही, आणि हे मात्र वारंवार ऐकू आले तर करारातली मुदत पाहा. 'ले-अप', म्हणजे जहाज काम नसल्याने उभे करून ठेवले आहे, हा शब्द पगार उशिरा येण्याच्या सोबतीने आला तर वर सांगितलेला मेल लगेच पाठवा.

घरी एका फायलीत या गोष्टी ठेवा: पासपोर्ट व सीडीसीच्या प्रती, करार, इंडोस आणि आयएमओ क्रमांक, आरपीएसएल कंपनीचा पत्ता, विम्याच्या प्रमाणपत्राचा फोटो. मुलगा समुद्रावर असताना तक्रार बहुतेक वेळा आई-वडील किंवा पत्नीच करते, आणि तेव्हा हीच फाईल लागते.

प्राप्तिकरासाठीही साइन-ऑन, साइन-ऑफच्या तारखा कळीच्या आहेत. आर्थिक वर्षात भारतातले दिवस १८२ पेक्षा कमी भरले तर नाविक सर्वसाधारणपणे अनिवासी ठरतो, आणि परदेशी फेरीचे दिवस या तारखांवरूनच मोजतात. फक्त भारतीय बंदरांमधल्या फेऱ्या त्यात धरत नाहीत. भारतातले इतर उत्पन्न १५ लाखांच्या वर असेल तर नियम वेगळे आहेत, तेव्हा सीएकडे जाताना सीडीसी सोबत न्या.

जहाजावर असताना तक्रार करायची असेल, तर आधी विभागप्रमुखाकडे, मग कॅप्टनकडे, आणि तिथे दाद लागली नाही किंवा तिथे बोलणे सुरक्षित वाटले नाही तर थेट पुढच्या बंदरातल्या सरकारी तपासनिसाकडे जाता येते. तो तक्रारदाराचे नाव उघड करत नाही. तक्रार केली म्हणून नाविकाला त्रास देणे एमएलसीने निषिद्ध ठरवले आहे, आणि या तक्रारीला कोणतेही शुल्क नाही.